लाल टॅग

वडिलांची स्कूटर घरी आली १९८४ साली. बुक केली तेव्हा मी सातवीत होतो. ती दारात उभी राहिली तेव्हा आयटीआय उरकून अ‍ॅप्रेंटिस म्हणून कंपनीत लागलो होतो. त्या दिवसांत स्कूटरसाठी सहा-आठ वर्षं थांबणं याला कुणी गाऱ्हाणं म्हणत नसे. रॉकेलची रांग तशी हीही एक रांग. सीटवरचं प्लॅस्टिक वडिलांनी दोन वर्षं काढलं नाही. रविवारी सकाळी ते जुन्या बनियनने तिची डिक्की पुसायचे आणि आम्हाला लांब उभं राहून बघायची परवानगी असायची.

२०१२ मध्ये माझ्या मुलाने भोसरीच्या एका गाळ्यात नेऊन त्याच स्कूटरच्या दोन्ही बाजूंच्या डिक्क्या काढल्या, मागचं सीट उडवलं, तिला मॅट काळा रंग दिला आणि संध्याकाळी मोठ्या कौतुकाने मला दाखवायला आणली. मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही.

चौतीस वर्षं मी क्वालिटीत काढली. मोठी कंपनी, नाव सांगायचं कारण नाही. माझं काम जॉब तपासायचं. गेज बसलं तर पुढे, नाही बसलं तर लाल टॅग. शंभरावा जॉब पहिल्यासारखाच निघाला पाहिजे, हेच आमचं शास्त्र. त्यामुळे नाशिक फाट्यावर एखादी आरएक्स हंड्रेड जाळी काढलेल्या सायलेन्सरने कानाचे पडदे फाडत गेली किंवा कुणाची बुलेट फटाके फोडत आली, की माझं रक्त उसळायचं. आमच्यासारख्या माणसांनी मायक्रॉनचा हिशेब करून काढलेली वस्तू, आणि ही पोरं ती हातोडीने बिघडवतात! पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवरून रोडरोलर फिरवल्याचा फोटो पेपरात आला की तो मी बायकोला वाचून दाखवायचो. फोटो वाचून कसा दाखवतात, असं तिने एकदा विचारलंही होतं.

तर २०१२ मध्ये मी त्या गाळ्यात भांडायलाच गेलो. एमआयडीसीतल्या मागच्या गल्लीतलं पत्र्याचं शेड, एक वेल्डिंग मशीन, दोन ग्राइंडर, कोपऱ्यात कुदळवाडीच्या भंगारातून आणलेले पाइप. मालक पंचविशीतला. लातूरकडचा, आयटीआय वेल्डर, तीन-चार कंपन्यांत कंत्राटी कामगार म्हणून राबून बाहेर पडलेला. माझं बोलणं त्याने पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाला, “काका, बॉडीला कट मारलेला नाही. बोल्ट खोलले फक्त. उद्या म्हणाल तर परत बसवून देतो.”

खरं सांगायचं तर हे मला आधीच ठाऊक होतं. असल्या स्कूटरला वेगळी चेसिस नसते. दाबून घडवलेला पत्रा हीच तिची चेसिस, आणि बाजूच्या डिक्क्या वरून बोल्टने अडकवलेल्या. त्या काढल्याने ताकद तसूभरही कमी होत नाही. घरी मी ओरडलो होतो ते “सेफ्टी, सेफ्टी” म्हणून. त्या दिवशी शेडमध्ये उभं असताना कळलं की माझ्या रागाचा सेफ्टीशी काही संबंध नव्हता. राग त्या प्लॅस्टिकच्या कव्हरचा होता. कळलं, पण मी ते बोललो नाही. “पोरांना नादी लावू नका,” एवढं म्हणून निघून आलो.

२०१५च्या जुलैत मुलीकडे स्वीडनला गेलो. तिची नोकरी व्हेस्तेरोसला. पिंपरीसारखंच कारखान्यांचं गाव, फक्त हॉर्न नाहीत. एका संध्याकाळी ती म्हणाली, “बाबा, चला, तुम्हाला राग येईल असं काहीतरी दाखवते.” गावात रस्त्याच्या दोन्ही कडांना लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते, आपल्याकडे पालखीच्या वाटेवर बसतात तसे. मधून अमेरिकन गाड्यांची रांग मुंगीच्या चालीने सरकत होती. पन्नास-साठच्या दशकातल्या लांबलचक गाड्या. काही इतक्या खाली बसवलेल्या की रस्ता चाटतील. काहींचं छप्पर कापून बुटकं केलेलं. काही जुन्या फोर्ड, मडगार्ड काढलेल्या, बॉनेटच नाही, इंजिन उघडं. आणि काही नुसता गंज, टपावर पोरं, हातात बियरचे डबे. पॉवर बिग मीट म्हणतात त्याला. १९७८ पासून भरत होतं. पुढे दोन वर्षांनी ते त्या गावातून लिडशपिंगला हललं.

मुलीने इतिहास सांगितला. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ राहिला, कारखाने शाबूत राहिले. पन्नासच्या दशकात तिथल्या विशी-बाविशीच्या कामगार पोरांच्या हातात पगार आला आणि त्यांनी जुन्या अमेरिकन गाड्या घ्यायला सुरुवात केली. केसांना तेल, गाडीत मोठ्याने गाणी, रात्रभर गावातून चकरा. त्यांना ‘रागारे’ म्हणत आणि त्या शब्दात शिवीच होती. वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली, १९५९ मध्ये त्यांच्यावर त्याच नावाचा सिनेमाही आला. ऐकताना मला नाशिक फाटाच दिसत होता.

पण ज्या गोष्टीने मला खरोखर टोचलं ती वेगळी होती. १९६५ पासून तिथे गाड्यांची दरवर्षी सक्तीची तपासणी सुरू झाली, आणि स्वीडिश तपासणी म्हणजे आपल्याकडचा शिक्का नव्हे. मग या कापलेल्या, जोडलेल्या गाड्या रस्त्यावर कशा? तर १९८२ मध्ये गाड्या बांधणाऱ्या हौशी लोकांनीच आपली देशव्यापी संघटना काढली, एसएफआरओ. घरी बांधलेली किंवा मोठा फेरबदल केलेली गाडी आधी त्यांचा माणूस तपासतो. ब्रेक, स्टिअरिंग, वेल्ड, सगळं. त्याचा दाखला मिळाला की मगच सरकारी तपासणी. तपासणारा स्वतः गाड्या बांधणारा असतो. म्हणजे इन्स्पेक्टर त्यांच्यातलाच.

मी काय म्हणालो असेन? “तिकडचं तिकडे.” तिकडच्या चांगल्या गोष्टी तिकडेच ठेवायला आपल्याला हे वाक्य फार उपयोगी पडतं.

त्यामुळे जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा मी खूशच झालो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ नव्या स्वरूपात आलं: दर बदलामागे पाच हजार दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बातमीचं कात्रण मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. त्याने अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ अजून विचारलेला नाही.

मत फिरलं ते २०२१ मध्ये, तेही दुसऱ्याच्या कामानिमित्त. लाईनवरचा माझा जुना जोडीदार, मधुमेहात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. त्याला मागे जास्तीची दोन चाकं लावलेली स्कूटर हवी होती. असा बदल कायद्याने करता येतो, फक्त आरटीओची वाट नीट चालावी लागते. चौकशी केली तर चार जणांनी एकच गाळा सांगितला. पत्ता ऐकला आणि माझं तोंड उतरलं.

तो मला ओळखत होता. “या काका, डिक्क्या बसवायच्या का?” म्हणाला. चेहरा अगदी सरळ.

मी ठरवलं, आता याला पकडायचा. दुसऱ्या दिवशी डीपी टेस्टचे तीन डबे घेऊन गेलो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: आधी वेल्ड क्लीनरने पुसायचा. मग त्यावर लाल रंग फवारायचा आणि दहा मिनिटं नुसतं बसायचं. लाल रंग भेगेत झिरपतो. मग वरचा रंग पुसून पांढरी पावडर फवारायची. जोड चांगला असेल तर पांढरं पांढरंच राहतं. भेग असेल तर आत लपलेला लाल हळूहळू वर येतो, आधी टिंब, मग रेघ. चौतीस वर्षांनीही ती रेघ उमटताना बघायला मला आवडतं. यात थोडा दुष्टपणा आहे, मान्य.

जास्तीची चाकं धरायला चार ब्रॅकेट होते. दोन स्वच्छ. तिसऱ्यावर टाचणीच्या डोक्याएवढं टिंब. चौथ्यावर नखाएवढी रेघ.

मी लाल खडूने फुली मारली आणि त्याच्या उत्तराची वाट पाहिली. व्हेंडरची उत्तरं मला पाठ होती: मटेरियल तुमचंच, ड्रॉइंग जुनं, लाईट गेली होती, पोरगा नवीन होता. हा पोरगा मात्र खाली बसला, त्याने रेघेकडे बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, “काका, हा रंग कुठे मिळतो?” मग ग्राइंडर उचलून दोन्ही ब्रॅकेट कापून टाकले. तिसरासुद्धा, जो मी कदाचित सोडला असता.

त्या संध्याकाळी चहा पिताना तो सहज म्हणाला, “कंपनीत मी सहा महिने एकच जोड मारायचो. गाडी पुढे जाऊन कशी दिसते, बघितलंच नाही.” मी काही बोललो नाही, पण हिशेब आपोआप मनात झाला. चौतीस वर्षांत मीही एकही पूर्ण गाडी केली नव्हती. ज्या ‘मूळ रचने’साठी मी भांडत होतो ती तरी कुठे मूळ होती? आमच्या लहानपणी हायवेवरून ट्रकच्या नुसत्या चेसिस जायच्या. केबिन नाही, काच नाही. फळकुटावर बसलेला ड्रायव्हर, डोळ्यांवर गॉगल, तोंडाला टॉवेल. बॉडी बाहेर, कुणा मिस्त्रीच्या हातची. आपण ज्याला टेम्पो म्हणतो ते तरी काय? हॅम्बुर्गच्या कंपनीचं नाव, जे १९५८ मध्ये बजाज टेम्पोमुळे इकडे आलं आणि पुढे कुठल्याही छोट्या मालगाडीला चिकटलं. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, आपला टेम्पो टेम्पोच राहिला. मागे हौदा की खोका, दूध की मंडपाचे बांबू, ते ज्याचं त्याने ठरवलं. या पट्ट्यातली निम्मी वाहनं गेटबाहेर पुरी झाली आहेत, आणि मी गेटच्या आत बसून शुद्धतेचे धडे देत होतो.

गैरसमज नको. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवा, मी आजही टाळ्या वाजवीन. कायदा आहे तो आहे. त्या पोराच्या शेडमधली कापून-जोडून बांधलेली बॉबर मोटरसायकल रस्त्यावर येत नाही आणि मी येऊ देणार नाही. पण आपल्याकडे तपासणीची सगळी मांडणी कंपन्यांसाठी आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, चाकणलाही त्यांची शाखा आहे. तिथे मॉडेलं पास होतात. एकट्या माणसाने बांधलेल्या एकाच गाडीसाठी ती व्यवस्था उभीच केलेली नाही. अशा गाडीला आपण नाही म्हणतो, तपासत नाही. आणि नाही म्हणणाऱ्यांत मी, ज्याला तपासता येत होतं, सगळ्यात पुढे होतो.

आता दर शनिवारी मी त्या गाळ्यात जातो. पगार नाही, चहा आहे. अपंगांच्या स्कूटरचा प्रत्येक ब्रॅकेट डीपी झाल्याशिवाय बाहेर जात नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीतल्या शेडवर बुलडोझर चालवल्यापासून पाइप मिळवायला लांब जावं लागतं, भाव वाढलाय, त्यावर तो दर वेळी कुरकुरतो आणि मी ऐकतो.

गेल्या महिन्यात मुलगा वडिलांची ती स्कूटर घेऊन तिथे आला. नव्या सीटचा ब्रॅकेट २०१२ चा, याच गाळेवाल्या पोराच्या हातचा. मी काही न बोलता क्लीनर काढला. दहा मिनिटं तिघंही स्टुलांवर बसून होतो. पांढऱ्यावर उजव्या कोपऱ्यात लाल केसासारखं काहीतरी वर आलं.

“बाबा, इतकी वर्षं चालवतोय मी.”

“मग काय झालं,” मी म्हणालो, आणि खिशातून खडू काढला. तोवर गाळेवाल्या पोराने ग्राइंडरची वायर लावलीही होती.