फ्रँकेन्स्टाईन आणि मागचा बाक

गियेर्मो देल तोरोंचा २०२५ चा 'फ्रँकेन्स्टाईन' पाहिला. खरं तर फ्रँकेन्स्टाईन हे त्या राक्षसाचं नाव नव्हे, त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरचं. मेरी शेलीने १८१८ च्या कादंबरीत त्या जीवाला नावच दिलं नाही. पण तो भिंतीच्या फटीतून शेजारच्या कुटुंबाचं बोलणं ऐकून भाषा शिकतो, मिल्टन वाचतो! १९३१ च्या सिनेमाने त्याला मुका केला होता. देल तोरोंनी वाचा परत दिली, हे फार आवडलं.

(सिनेमा पाहायचा असेल त्यांनी पुढचं नंतर वाचा.)

एक मात्र खटकलं. कादंबरीत तो व्हिक्टरच्या लहानग्या भावाचा गळा दाबतो, लग्नाच्या रात्री एलिझाबेथला मारतो. सिनेमात ती व्हिक्टरच्याच गोळीने मरते. शेवटी व्हिक्टर क्षमा मागतो, ती मिळतेही. डोळे पाणावतात. पण निरपराधाची दया येणं सोपं असतं हो! शेलीने खुनी समोर उभा केला आणि तरी विचारायला लावलं, याला टाकलं कोणी?

पस्तीस वर्षं मागच्या बाकावरची मुलं पाहिली. सगळीच काही गरीब बिचारी नव्हती; काही खरोखरच दुसऱ्यांना मारत, छळत. जवळ घ्यायची गरज त्यांनाच जास्त होती. म्हणून मला कादंबरीच अधिक खरी वाटते.