अवेळी येणारं वय

आमच्या देवरी गावात वय लपवणारे आहेत, तसे वय वाढवून मागणारेही आहेत. 65 वर्षं पूर्ण झाली की एसटीत अर्धं तिकीट आणि ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही. तेव्हा आधार कार्डावरच्या जन्मतारखेला मोल आलं आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या पिढीतले कितीतरी जण कागदोपत्री 1 जानेवारीला जन्मलेले. ‘वय कमी लिवला जी’ ही तक्रार बसमध्ये हटकून ऐकू येते. आणि त्याच गावात मेडिकलच्या काउंटरवर म्हातारपण थोपवणाऱ्या क्रीमच्या डब्या मांडलेल्या असतात.

थोपवायचं नेमकं काय, यावर मात्र जाणकारांचं एकमत नाही. आपल्याकडचा 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा फक्त रूप बदलणाऱ्या वस्तूला प्रसाधन म्हणतो. शरीराची रचना किंवा कार्य बदलण्याचा दावा आला की ती वस्तू औषधात मोडते. म्हणून डबीवरची भाषा इतकी सावध असते: सुरकुत्या ‘कमी दिसतील’. त्वचारोगतज्ज्ञ ट्रेटिनॉइन या मलमाचं नाव घेतात. उन्हानं जीर्ण झालेली त्वचा त्यानं सुधारते, हे अल्बर्ट क्लिगमन यांनी 1986 मध्ये दाखवलं. पण गुण यायला महिने लागतात, सुरुवातीला कातडी सोलते, गरोदरपणात ते लावायचं नसतं. प्रयोगशाळेतल्या लोकांना चेहऱ्यात रसच नाही. रॅपामायसिन हे औषध दिलेले उंदीर अधिक जगले, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं; माणसाचं आयुष्य त्यानं वाढतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

मला या सगळ्यांपेक्षा सुश्रुत जवळचा वाटतो. त्यानं म्हातारपणाचे दोन प्रकार केले. शरीराची निगा राखूनही आपल्या वेळी येतं ते एक आणि निगा न राखल्यानं अवेळी येतं ते दुसरं. पहिल्याशी भांडण नाही. दुसऱ्याशी मात्र भांडलंच पाहिजे, आणि देवरी तालुक्यात हे अवेळीचं म्हातारपण उघड दिसतं.

मुंबई-कोलकाता महामार्ग आमच्या गावातून छत्तीसगडकडे जातो. धाब्यावर थांबलेल्या ड्रायव्हरांचे चेहरे पाहिले की 2012 मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकानं छापलेला फोटो आठवतो. 28 वर्षं ट्रक चालवलेला 69 वर्षांचा माणूस. खिडकीकडच्या डाव्या गालावर जाड, खोल घड्या, उजवा गाल त्या मानानं कितीतरी तरुण. माणूस एकच, जन्मतारीख एकच. काच उन्हातले यूव्हीबी किरण बरेचसे अडवते, यूव्हीए मात्र आत येतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, एवढाच फरक.

आता ज्यांना काचही नाही त्यांचं बघा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफुलं वेचणं, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात कमरेत वाकून धानाची रोवणी. सावळ्या कातडीत सुरकुत्या उशिरा येतात खऱ्या, पण वांगाचे डाग लवकर उमटतात. सनस्क्रीन? नियमाप्रमाणे दोन बोटं भरून, दर दोन तासांनी लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभरही टिकत नाही. मजूर बायकांनी साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून आणि डोक्याला दुपट्टा बांधून हा प्रश्न कधीच सोडवला आहे. माझ्या मते बाजारातल्या निम्म्या क्रीमांपेक्षा तो शर्ट बरा.

वांग घालवायला मात्र त्याच बायका, आणि त्यांच्या कॉलेजातल्या मुली, चिठ्ठीशिवाय ट्यूब मागतात. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आठवड्यात चेहरा उजळतो आणि काही महिन्यांत कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, बंद केलं की आग होते. तरुण दिसण्यासाठी घेतलेल्या ट्यूबनं त्वचा म्हातारी करावी! 2018 मध्ये सरकारनं अशा चौदा स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीची अट घातली. काउंटरवर ती किती पाळली जाते, ते आपण सगळे जाणतो. (सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. तोंड उघडेनासं होतं, दात जातात, गाल बसतात.)

याच पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. वेळेवर निदान आणि नियमित औषध मिळालं नाही, तर कितीकांच्या वाट्याला केस पिकण्याइतकं आयुष्यच येत नाही. अशा घरात पांढरा केस दिसला तर आई आनंदानं रडेल.

म्हणून माझा कौल चेहऱ्यापेक्षा हातापायांच्या आणि डोळ्यांच्या बाजूनं पडतो. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचं दिसायचा चष्मा देऊन पाहिला, त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानं खुडण्याची क्षमता सुमारे 22 टक्क्यांनी अधिक वाढली. तेंदूपत्त्याचे पुडे बांधणाऱ्या किती बायांकडे चष्मा आहे? माझ्या ओळखीतल्या बहुतेकींकडे नाही. त्या सुईत दोरा नातवाकडून ओवून घेतात आणि आपण म्हातारे झालो म्हणतात.

घरात किंवा शेजारी कुणी पासष्टी ओलांडलेलं असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा अर्ज भरून द्या. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसाठी एकदाच 3000 रुपये बँकेच्या खात्यात जमा होतात. आणि या वेळी आधार कार्डावरची तारीख आधी तपासून घ्या.