अंगणातला तेलाचा डाग

आमच्या वहिनींना भल्या पहाटे सडा घालायची सवय. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी त्या म्हणाल्या, "भावजी, तुमच्या पिकअपने अंगणाची पार रया घालवली. रोज एक डाग!"

मी वाकून पाहिले. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, तो डिफरन्शियल. इंजिनाकडून आलेला लांब शाफ्ट त्याला जिथे जोडलेला असतो, नेमके तिथून काळे तेल ठिबकत होते. तालुक्याच्या गावी गाडी दाखवली. "पिनियनचं ऑइल सील गेलंय," असे सांगून त्यांनी नवे बसवून दिले. तीन आठवडे अंगण कोरडे राहिले, मग पुन्हा डाग. पुन्हा सील, पुन्हा डाग.

गाडी चालवतो माझा पुतण्या. मी त्याच्यावरच घसरलो. "क्रेट जास्त भरतोस, खड्ड्यात गाडी आदळतोस, मग सील टिकेल कसे?" पोर खाली मान घालून गप्प उभे राहिले.

त्यानंतर आठ दिवसांनी तो टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजाराला निघाला. थोड्याच वेळात त्याचा फोन आला, "काका, मागून घूं-घूं आवाज येतोय. मी गाडी उभी केलीय." मी मोटारसायकल काढून गेलो. डिफरन्शियलला हात लावला तर चटका बसला. निवल्यावर तेल भरायचे बूच काढून आत बोट घातले. तेल बोटाला लागायला हवे होते, बोट कोरडेच बाहेर आले. सील दोनदा बदलले, पण आत तेल किती उरले आहे, हे मी एकदाही पाहिले नव्हते. पोराने आवाज ओळखला नसता तर आतले दाते झिजून तुटले असते, आणि भरल्या गाडीची मागची चाके चालत्या रस्त्यात जाम झाली असती. क्रेट दुसऱ्या टेम्पोत घातले. माल उशिरा पोचला, भाव हातचा गेला. पण पोर सुखरूप घरी आले.

या खेपेला गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी सीलला हातच लावला नाही. आसाच्या वरच्या अंगाची माती खरवडली आणि एक बारीकशी टोपी दाखवली. "साहेब, हा ब्रीदर. चिखलानं बुजलाय."

आमची वाट ओढ्यातून जाते. तो चिखल टोपीत जाऊन घट्ट वाळला होता. गाडी पळाली की आतले तेल आणि हवा तापते, हवा फुगते. ती ब्रीदरमधून बाहेर पडायची. ती वाटच बुजली तर दाब वाढतो आणि सर्वांत नाजूक जागेतून, म्हणजे सीलच्या रबरी ओठातून, तेल बाहेर ढकलतो. आम्ही सील बदलत होतो, दाब तसाच होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मग त्यांनी गाडी भक्कम घोड्यांवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. पिनियन हलवून बेअरिंग ढिले नाही ना, ते पाहिले. ते ढिले असेल तर नवे सीलही टिकत नाही. शाफ्ट आणि फ्लँज यांवर रंगाच्या खुणा केल्या, नट किती आवळलेला होता याचीही खूण केली. फ्लँज हातोडीने न ठोकता पुलरने ओढून काढला. त्यावर सील जिथे घासते तिथे बोटाला लागेल अशी चरी पडलेली होती, म्हणून फ्लँजही नवा घेतला. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावून, स्प्रिंगची बाजू आत ठेवून, ते लाकडी ठोकळ्याने चहूबाजूंनी सारखे ठोकत बसवले. नट मात्र बेताने आवळला. "काही गाड्यांत आत दबणारी नळी असते. नट जास्त आवळला की बेअरिंग मरतं," ते म्हणाले. पिनियन हाताने फिरवून अंदाज घेतला. शेवटी ब्रीदर डिझेलने धुऊन मोकळा केला आणि नव्वद नंबरचे तेल बुचाच्या भोकापर्यंत भरले.

घरी येताना माझी मलाच लाज वाटत होती. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडला की शेतकरी बुरशीनाशक फवारू लागतात. मी त्यांना बांधावर उभा राहून सांगतो, "बाबांनो, ही बुरशी नव्हे. पाणी कधी कमी, कधी जास्त झाले की फळाला कॅल्शियम पोचत नाही. आधी पाण्याच्या पाळ्या सांभाळा." दुसऱ्याला सांगितलेले हे शहाणपण माझ्याच अंगणात मला सुचले नाही. वर दोष दिला तो ज्याने गाडी वाचवली त्याला.

रात्री जेवताना सर्वांदेखत पुतण्याला म्हटले, "चूक माझी होती रे. तुला उगाच बोललो."

तो हसला. "राहू द्या काका. पण आता ओढ्यातून आल्यावर ब्रीदर तुम्हीच पुसायचा."

दर रविवारी मी तो पुसतो. वहिनींचे अंगण तेव्हापासून कोरडे आहे.