ना ब्रेक, ना हक्काचं घर!

मँचेस्टर म्हणजे फुटबॉल, हे आपल्याला पाठ. पण त्याच शहरात एक असा खेळ आहे, ज्यातल्या गाड्यांना ब्रेक नसतात आणि ज्याचं अख्खं आयुष्य दुसऱ्याच्या जागेत भाड्याने गेलंय. स्पीडवेच्या स्टँडमध्ये घालवलेली एक लाल, धुळकट संध्याकाळ...

ब्रेक नसलेली बाइक कधी बघितलीय? ब्रेक फेल झालेली म्हणत नाहीये मी, तशा तर आपल्याकडे प्रत्येक सिग्नलला दोन-चार भेटतात. मुळात ब्रेक बसवलेलेच नाहीत, अशी. गिअर एकच. इंजिन ५०० सीसीचं, टाकीत पेट्रोलऐवजी मिथेनॉल आणि वजन जेमतेम ऐंशी किलो. म्हणजे आपल्या साध्या स्कूटरपेक्षाही हलकी! अशा चार बाइक एका रेषेत उभ्या राहतात. समोरच्या फिती झटकन वर उडतात आणि पुढच्या क्षणी चौघंही एकाच वळणात घुसतात.

मी चक्क किंचाळले. शेजारच्या आजी हसल्या आणि पेन्सिलीने कागदावर शांतपणे काहीतरी लिहू लागल्या.

फुटबॉल सोडून हे काय?

माझा मामेभाऊ गेली सहा वर्षं मँचेस्टरमध्ये सॉफ्टवेअर लिहितोय. ‘ओल्ड ट्रॅफर्ड बघ, एतिहाद बघ, करी माइलवर जेव’ अशी यादी त्याने तयार ठेवली होती. मी म्हटलं, मला बेल व्ह्यूला स्पीडवे बघायचाय. ‘म्हणजे इंटरनेट?’ त्याचा प्रश्न. घरापासून पंधरा मिनिटांवर नॅशनल स्पीडवे स्टेडियम आहे, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं! त्याचाही दोष नाही म्हणा. या खेळाची आजची अवस्थाच तशी आहे.

सोमवारची संध्याकाळ. सात वाजून गेलेत, पण उन्हाळ्यात इथे सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो, त्यामुळे लख्ख उजेड. बस सिटी सेंटर सोडून हाइड रोडला लागते तशी काचेच्या इमारती संपतात. मग लाल विटांची बुटकी, एकमेकांना चिकटलेली घरं, टायरची दुकानं, टेकअवे. टुरिस्ट नावाचा प्राणी या भागात दिसत नाही. आणि मग येतो तो वास.

मिथेनॉलचा, आणि त्यात मिसळलेला जुन्या पद्धतीच्या रेसिंग ऑइलचा. या ऑइलचा बेस काय असतो माहितीय? एरंडेल! लहानपणी नाक दाबून पाजलेलं तेच. इथल्या लोकांसाठी मात्र तो वास म्हणजे आपला पहिल्या पावसाचा मातीचा वास. गेटमधून आत शिरताना माझ्यापुढचे एक काका डोळे मिटून खोल श्वास घेत होते. शप्पथ!

साठ सेकंदांची गोष्ट

नियम एकदम सोपे. चार रायडर, चार फेऱ्या, सगळं मिळून साधारण एक मिनिट. पहिल्याला तीन पॉइंट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. यजमान टीमची हेल्मेट्स लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी. अशा पंधरा हीट्स झाल्या की मॅच संपली.

ट्रॅक ३४७ मीटरचा आणि त्यावर बारीक खडीसारखी लालसर माती. तिला ‘शेल’ म्हणतात. दर काही हीट्सनंतर ट्रॅक्टर येतो, माती सारखी करतो, पाणी मारलं जातं. कोल्हापूरच्या आखाड्यात तांबडी माती ज्या मायेने तयार करतात ना, अगदी तसंच वाटलं.

पण खरी गंमत वळणावर. रेस कायम डावीकडे वळते, पण रायडर हँडल मात्र उजवीकडे वळवतो. मागचं चाक बाहेर फेकलं जातं, डाव्या पायातला स्टीलचा बूट मातीवर घासत जातो आणि बाइक अक्षरशः आडवी सरकत वळण काढते. ब्रेक हवेत कशाला? वळणात घुसल्यावर चौघांपैकी एकाने अचानक ब्रेक दाबला, तर मागच्या तिघांचं काय होईल, विचार करा. ब्रेक नसणं हीच इथली सेफ्टी!

अर्थात धोका आहेच. जवळच्याच लिव्हरपूलमध्ये जन्मलेला पीटर क्रेव्हन हा बेल व्ह्यूचा लाडका रायडर १९५५ आणि १९६२ असा दोनदा वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि १९६३ मध्ये रेसमधल्या अपघातानंतर गेला. इथे त्याचं नाव आजही घरातल्या माणसासारखं घेतलं जातं.

आजींचं जॅकेट

‘पहिल्यांदाच आलीस का, लव्ह?’ आजींनी विचारलं. (मँचेस्टरमध्ये बस ड्रायव्हरपासून भाजीवाल्यापर्यंत सगळेच ‘लव्ह’ म्हणतात, लाजायचं कारण नाही!) मग त्यांनी मला प्रोग्रॅमच्या चौकटी कशा भरायच्या ते शिकवलं. कुठल्या हीटला कोण कितवा आला, हे इथे प्रत्येक जण हाताने लिहितो. मोबाइलवर सगळं दिसत असूनही.

आजींच्या जॅकेटवर बॅजेस होते. दहा-वीस नव्हे, पन्नास तरी असतील. प्रत्येक बॅज म्हणजे एक क्लब, बहुतेक ठिकाणी त्या स्वतः टीमच्या मागे बसने गेलेल्या. मी सहज विचारलं, ‘यातले किती अजून सुरू आहेत?’

आजींनी बोट ठेवत मोजायला सुरुवात केली. विम्बल्डन. होय, टेनिसवालंच विम्बल्डन, तिथे स्पीडवेही होता. २००५ मध्ये बंद. कॉव्हेंट्री १९२८ मध्ये सुरू झालेलं, २०१६ नंतर तिथे रेस नाही. स्विंडनची शेवटची रेस २०१९ मध्ये. पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन, दोन्ही २०२३ मध्ये गेले. वुल्व्हरहॅम्प्टनच्या मॉन्मोर ग्रीनवर पहिली रेस १९२८ मध्ये झाली होती. आजींचं बोट खांद्यापर्यंत पोचलं आणि त्या थांबल्या. ‘पूर्वी दर वीकएंडला कुठे जाऊ असा प्रश्न पडायचा. आता जायचं कुठे, असा पडतो.’

पुढची हीट सुरू झाली म्हणून बरं. मला काय बोलावं तेच सुचलं नसतं.

भाडेकरूची कहाणी

हा खेळ काही कायमच असा कोपऱ्यात नव्हता हं. १९२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड गावच्या जत्रेच्या मैदानात त्याने बाळसं धरलं. फेब्रुवारी १९२८ मध्ये लंडनजवळ हाय बीचला रेस झाली आणि इंग्लंड वेडं झालं. १९८१ ची वर्ल्ड फायनल बघायला वेम्बलीत नव्वद हजारांवर लोक होते!

मग घोडं अडलं कुठे? लोक कमी झाले हे खरंच. पोरं दुसरीकडे वळली, पावसाने मॅच रद्द झाली की क्लबचं गणित कोसळतं, हेही खरं. पण मुळाशी आहे ती जागा.

१९२६ मध्ये ब्रिटनमधली पहिली ग्रेहाउंड शर्यत झाली, तीही याच बेल व्ह्यूमध्ये. कुत्र्यांच्या शर्यतींसाठी देशभर लंबगोल स्टेडियम्स उभी राहिली आणि त्यांच्या आतल्या बाजूला स्पीडवेने बिऱ्हाड थाटलं. स्टेडियम दुसऱ्याचं, स्पीडवे भाडेकरू. पुढे शर्यतींचा धंदा बसला, शहरं वाढली, जमिनीला सोन्याचा भाव आला. मालकाने विकायचं ठरवलं की भाडेकरूला कोण विचारतो?

हे ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडला. कारण मुंबईत माझंही अकरा महिन्यांचंच अॅग्रिमेंट आहे. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय आणि मँचेस्टरला येण्याच्या आदल्याच आठवड्यात घरमालकांचा व्हॉट्सअॅप आला होता: ‘धिस टाइम नो रिन्युअल. सॉरी.’ पुढे हात जोडलेली स्मायली. चार वर्षांत तिसरं घर! नव्वद वर्षं एका जागी राहून असा मेसेज आला तर?

रायडरही माझ्याच जातकुळीतले निघाले. चक्क फ्रीलान्सर! बाइक स्वतःची, मेकॅनिक स्वतःचा, कमाई मुख्यतः पॉइंटवर. मला शब्दांवर पैसे, त्यांना पॉइंट्सवर. त्यामुळे मोठे रायडर आठवडाभर विमानं पकडत असतात. सोमवारी इंग्लंड, मंगळवारी स्वीडन, शुक्रवारी आणि रविवारी पोलंड.

आणि पैसा आहे पोलंडमध्ये. तिथे हा खेळ फुटबॉलच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. कोपर्निकस जिथे जन्मला त्या तोरुन शहरात २००९ मध्ये खास स्पीडवेसाठी स्टेडियम बांधलं. स्टँडवर छप्पर, पंधरा हजारांवर सीट्स. २०२५ मध्ये पोलिश लीग जिंकली ती तोरुननेच, आणि त्या वर्षी टीमच्या नावात स्पॉन्सर म्हणून कोण होतं? एक बिल्डर ग्रुप! इंग्लंडमध्ये ट्रॅकच्या जागी घरं येतात, तिकडे घरं बांधणारे टीम पोसतात. पोलंडचाच बार्तोश झ्मार्झलिक २०२५ मध्ये सहाव्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झाला. दुसरा आलेला ऑस्ट्रेलियन ब्रॅडी कर्ट्झ त्याच्यापेक्षा फक्त एका पॉइंटने मागे होता. त्या मोसमात कर्ट्झ इंग्लंडमध्ये कुणाकडून खेळत होता? आमच्या (हो, आता आमच्याच!) बेल व्ह्यूकडून.

एक घर बांधलं जातं तेव्हा

बेल व्ह्यूनेही बिऱ्हाडं कमी बदललेली नाहीत. एकेकाळी इथे प्राणिसंग्रहालय आणि जत्रा एकत्र होती, १८३६ मध्ये सुरू झालेली. राणीच्या बागेत पाळणे आणि सर्कस आणून ठेवली तर कसं वाटेल, तसं. १९२९ पासून स्पीडवे तिथल्याच हाइड रोडच्या स्टेडियममध्ये. दुसऱ्या महायुद्धातही इथल्या रेस थांबल्या नाहीत. पण १९८७ मध्ये ती जागा विकली गेली आणि तिथे गाड्यांचे लिलाव होऊ लागले. क्लब पुन्हा जवळच्या ग्रेहाउंड ट्रॅकवर भाड्याने.

तिथेच राहिला असता तर? तो ट्रॅक २०२० मध्ये बंद पडला आणि त्या जागेवर आता घरं आहेत. पण त्याआधी, २०१६ मध्ये, शहराच्या कौन्सिलने हाकेच्या अंतरावर हे नवं स्टेडियम बांधलं होतं. सुमारे ऐंशी लाख पाउंड खर्चून, मुळात स्पीडवेसाठी.

सगळं गोड गोड झालं असं नाही. उद्घाटनाच्या रात्री स्टँड भरलेले असताना ट्रॅक रेसिंगच्या लायक नाही म्हणून मॅचच रद्द झाली! वर्षभरात क्लबची कंपनी अडचणीत आली, नव्या लोकांनी ताबा घेतला. पण स्टेडियम तिथेच होतं, त्यामुळे खेळही राहिला. २०२१ आणि २०२४ मध्ये ब्रिटनने स्पीडवे ऑफ नेशन्स ही टीमची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, दोन्ही वेळा याच मातीत. आणि २००१ पासून कार्डिफच्या अवाढव्य स्टेडियममध्ये होणारी ब्रिटिश ग्रां प्री २०२५ मध्ये इथे आली.

म्हटलं तर ही पीछेहाट आहे. कार्डिफची गर्दी कुठे आणि हे सहा हजारांचं स्टेडियम कुठे! पण मला तसं वाटलं नाही. मोठ्या हॉलमध्ये एक रात्र लग्न लावण्यापेक्षा स्वतःच्या छोट्या घरात वर्षभर नांदणं बरं, नाही का? स्टेडियम आजही कौन्सिलचंच आहे. क्लब मालक झालेला नाही. पण घरमालकालाच तुम्ही राहावं असं वाटत असेल, तर भाडेकरूला रात्री झोप लागते. या खेळाचं भविष्य मला तरी याच एका गोष्टीत दिसतं.

नाही तर स्टँडमध्ये पांढरे केस जास्त होते, हे मी लपवणार नाही. पण रेलिंगला नाक लावून उभी असलेली सात-आठ वर्षांची एक टोळीही होती. दर हीटला त्यांच्या तोंडावर माती उडायची आणि ती पोरं आणखी पुढे सरकायची.

शेवटच्या हीटला आजींनी पेन्सिल माझ्या हातात दिली. ‘ही तू लिही.’ मी लिहिली, आणि दुसरा-तिसरा उलटा लिहिला. आजींनी खोडून नीट केलं.

मुंबईत परतल्यावर तीन आठवड्यांनी पॅकिंग काढलं. नवं घर सापडलंय, गोरेगावात, पुन्हा अकरा महिन्यांचं. पुस्तकांच्या खोक्यात भरताना तो प्रोग्रॅम उघडला आणि घडीतून चिमूटभर लाल माती जुन्या घराच्या फरशीवर सांडली.

पुसली नाही. नाही तरी बिल्डिंग पडणारच आहे.

जायचंय?

केव्हा? मार्च ते ऑक्टोबर. निघण्याआधी मॅच आहे ना, ते बघा. पाऊस कधीही पाणी फिरवू शकतो.

कसं? मँचेस्टर पिकॅडलीपासून चार-पाच किलोमीटर. हाइड रोडची बस किंवा टॅक्सी सोयीची.

काय घालाल? पांढरं सोडून काहीही! वळणाजवळ उभे राहिलात तर माती खाण्याची तयारी ठेवा. रात्री गार होतं, जॅकेट हवंच.

काय घ्याल? प्रोग्रॅम आणि पेन्सिल. शेजारी कुणी आजी असतील, तर उरलेलं त्या शिकवतील.