८७४ तुकड्यांचे जहाज

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे 'विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका भारतीय नौदलात दाखल झाली. लांबी २६२ मीटर, रुंदी ६२ मीटर, वजन सुमारे ४५ हजार टन. भाषणे झाली, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. परंतु हातात होल्डर धरून ज्यांनी तिचे पत्रे जोडले, त्यांच्याविषयी आमच्या वाचनात फारसे काही आले नाही. आमच्या घरात दोन पिढ्या वेल्डिंगवर जगल्या. म्हणून आम्ही ती बाजू शोधून वाचली. जे कळले ते आपल्या घराघरांत कळावे, असे वाटते.

एवढे मोठे जहाज तळापासून वर, घर बांधतात तसे बांधत असतील, असा आमचा समज होता. पूर्वी तसेच बांधत. आता जहाजाचे आधी तुकडे करतात, म्हणजे कागदावर. प्रत्येक तुकडा, त्याला ब्लॉक म्हणतात, निरनिराळ्या शेडमध्ये तयार होतो. मग मोठ्या क्रेनने उचलून तो गोदीत आणतात आणि शेजारच्या ब्लॉकला जोडतात. 'विक्रांत'चे असे ८७४ ब्लॉक होते. २८ फेब्रुवारी २००९ रोजी तिचा कणा बसवण्याचा समारंभ झाला, तेव्हा ४२३ ब्लॉक तयारही होते. पुणेकरांनी ही युक्ती डोळ्यांनी पाहिली आहे. आपल्या मेट्रोच्या पुलाचे काँक्रीटचे तुकडे दुसरीकडे ओतून आणले आणि रस्त्यावर खांबांच्या वर एकामागोमाग एक जोडले. इंग्लंडने तर 'क्वीन एलिझाबेथ' या नौकेचे भाग सहा निरनिराळ्या ठिकाणी बांधले आणि स्कॉटलंडमधील रोसाइथच्या गोदीत जोडले.

या पद्धतीत वेळ वाचतो, हे सगळेच सांगतात. आम्हाला मात्र दुसरीच गोष्ट मोलाची वाटली. अनेक ब्लॉक उलटे बांधतात! छत खाली, जमीन वर. असे का? तर छताचा जोड एरवी वेल्डरला डोक्यावर हात धरून मारावा लागतो. ब्लॉक उलटा केला की तोच जोड पायाशी येतो. छताला टांगायचे पाइप आणि केबलचे ट्रेही उभ्याउभ्या बसवता येतात. काम झाले की क्रेनने ब्लॉक सुलटा करतात.

डोक्यावरची वेल्डिंग म्हणजे काय, हे आमच्या थोरल्या भावाला विचारावे. येरवड्याहून सायकलने भोसरीच्या एका शेडमध्ये तो बावीस वर्षे गेला. वितळलेल्या लोखंडाचे थेंब कॉलरमधून आत जात. मानेवर त्याचे डाग अजून आहेत. शेडमध्ये काच एकच, माणसे तीन. आर्क लागली की रात्रभर डोळ्यांत वाळू टोचल्यासारखे होई आणि वहिनी बटाट्याच्या चकत्या ठेवून उशाशी बसत. पगाराच्या कागदावर त्याचा हुद्दा होता 'हेल्पर'.

माणसाने कामाखाली वाकायचे, की काम माणसाच्या हाताशी आणायचे? प्रश्न एवढाच आहे. आणि यात दयेचा भाग नाही, चोख हिशेब आहे. जहाजबांधणीत एक ढोबळ गणित सांगतात: जे काम शेडमध्ये एका तासात होते, त्याला ब्लॉकमध्ये तीन तास लागतात आणि पूर्ण जहाजात शिरून करायचे तर आठ. कामगाराला नीट उभे राहू दिले तर मालकाचेही भले होते, हे या गणिताने सिद्ध होते.

अर्थात कौशल्य जास्त लागते. वेल्डिंग निवताना पत्रा आक्रसतो. उन्हात लोखंड वाढते. दोन शेडमध्ये दोन टोळ्यांनी केलेले ब्लॉक गोदीत समोरासमोर आले, की कडा जुळल्याच पाहिजेत. म्हणून कडेला थोडा पत्रा जास्त ठेवतात आणि पुन्हा मोजून मग कापतात. महत्त्वाच्या जोडांची आतून तपासणी होते, त्यात हयगय लपत नाही. 'विक्रांत'चे पोलादही साधे नव्हते. रशियाकडून ते मिळण्यात अडचण आली, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेने आणि 'सेल'ने ते देशातच तयार केले.

तुकड्यांची पद्धत म्हणजे जादू नव्हे. एक वस्तू अडली की सगळे अडते. मुख्य गिअरबॉक्स उशिरा आल्याने 'विक्रांत'चे काम रखडले. कणा बसवल्यापासून नौदलात येईपर्यंत तेरा वर्षे गेली. आणि धोकाही संपत नाही. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच कोची शिपयार्डात दुरुस्तीला आलेल्या 'सागर भूषण' जहाजावर स्फोट होऊन पाच कामगार दगावले. बंदिस्त जागेत साचलेला वायू दिसत नाही. काम शेडमध्ये जितके जास्त होईल, तितके अशा कोंडलेल्या जागेत माणसाला कमी शिरावे लागेल.

हे सारे लिहिण्याचे कारण घरातलेच आहे. आमच्या पुतणीने यंदा आयटीआयला वेल्डरचा ट्रेड घेण्याचे ठरवले आहे. घरात दोन तट पडले. आत्या म्हणतात, "बापाची मान बघितलीस ना? मुलीच्या जातीला हे काळं काम कशाला? बी.ए. कर." थोरला भाऊ गप्प आहे. त्याची भीती खोटी नाही. पण आम्ही मुलीच्या बाजूने आहोत. आपल्या मुंबईच्या माझगाव डॉकमध्येही आता ब्लॉक पद्धतीनेच युद्धनौका बनतात. १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात आलेली 'निलगिरी' तिथलीच. पाइप, केबल ब्लॉकमध्येच बसवून तिची बांधणी झाली. अशा ठिकाणी आयटीआयची मुले शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात. तिथे कामाची परीक्षा होते आणि पास झाल्याचे प्रमाणपत्र मिळते. 'हेल्पर' या शब्दाखाली हुन्नर झाकला जात नाही.

वाचकहो, आपल्या वस्तीतली मुले-मुली हा ट्रेड घेत असतील तर त्यांना मागे ओढू नका. मात्र कामावर पाठवताना तीन गोष्टी विचारा: प्रत्येकाला स्वतःची काच आणि हातमोजे मिळतात का, बंदिस्त जागेत शिरण्याआधी हवा तपासतात का, आणि हजेरीपुस्तकात हुद्दा काय लिहितात? पुतणीला आम्ही हेच प्रश्न एका कागदावर लिहून दिले आहेत. चौथा तिने स्वतः घातला: "स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे का?" तो आम्हाला सुचला नव्हता. आपणही तो यादीत घालावा.