पाव फेरा

गेल्या पावसाळ्यापासून उजवा अंगठा थरथरतो. चहाचा कप धरताना काही कळत नाही. पण कॉइलच्या कोअरमध्ये प्लास्टिकची काडी घालून शेवटचा पाव फेरा द्यायला गेलो, की मीटरचा काटा शिखरावरून पलीकडे घसरतो. मागे आणावा तर अलीकडे.

पिवळी, पांढरी, काळी ही रेडिओतल्या आयएफटी कॉइलची रांग 455 किलोहर्ट्झवर मी कानानं आणायचो, मीटर नंतर बघायचो. आणि हे लोकांदेखत करायला मला आवडायचं. गिऱ्हाईक समोर उभं असलं की जागेवर असलेला कोअरही उगीच अर्धा फेरा फिरवायचा, आवाज बसवायचा आणि परत आणायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, हातात जादू आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

या हातानं शेवटचा मन लावून केलेला बोर्ड हॅम रिसीव्हरच्या पुढच्या फिल्टरचा. 7 मेगाहर्ट्झ, कॉइलच्या तीन डब्या शेजारी शेजारी, प्रत्येकीत साधारण 5 मायक्रोहेन्री आणि जोडीला 100 पिकोफॅरड. पट्टा सुरेख बसला. पण वर 100 मेगाहर्ट्झच्या आसपास, जिथे शुकशुकाट हवा, तिथे अटेन्युएशन जेमतेम 40 डीबी. शहरातल्या एफएम स्टेशनांचा धुडगूस थेट मिक्सरपर्यंत.

मी दोष कॉइलना दिला. एकीचं क्षेत्र दुसरीत शिरतंय म्हणून डब्या 3 मिलिमीटरवरून 10 मिलिमीटरवर नेल्या. मध्ये तांब्याचा पत्रा उभा केला. पाय पुन्हा सोल्डर केले. फरक एखाद्या डीबीचा. तसं बघता आत फेराइटची वाटी आणि वर पत्रा असताना क्षेत्र गळणार किती? पत्र्यात फिरणारे प्रवाह ते आतल्या आत परतवतात आणि त्याचं मोल इंडक्टन्स व क्यू कमी करून वसूल करतात. हे मला माहीत होतं. तरी दोन महिने पत्रे कापत बसलो.

मुंबईचे एक स्नेही टोरॉइडचे भक्त. त्यांना फोन केला तर म्हणाले, ‘डब्या फेकून दे, टोरॉइडला झाकण लागतच नाही.’ त्यांचं प्रत्येक दुखण्यावर हेच औषध. बाजाराची तऱ्हा निराळीच. बुधवार पेठेत शिल्डेड कॉइल मागितली की काउंटरवर काळे चौकोनी ठोकळे येतात. ते पॉवर सप्लायचे. काहींना तर नुसता चुंबकीय भुकटीचा लेप असतो. रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला त्यांचा क्यू कुठल्या कुठे जातो, पण नाव तेच. पूर्वी दुकानदार विचारायचा, ‘कशासाठी हवी?’ आता विचारतो, ‘किती हव्यात?’

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीनं तोच फिल्टर तांदळाच्या दाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, शिल्डेड एसएमडी कॉइल लावून केला. फिरवायला कोअरच नाही. पट्टा जरा रुंद ठेवला, म्हणजे कॉइल-कॉइलमधला पाच टक्क्यांचा फरक पोटात जातो. क्यू कमी, म्हणून सिग्नल दीड डीबी जास्त पडला. मी लगेच बोट ठेवलं. ती म्हणाली, ‘काका, 7 मेगाहर्ट्झला अँटेनातूनच एवढा कोलाहल येतो, दीड डीबी कोणाला कळणार?’ बरोबर होतं. म्हणूनच राग आला.

पण गळती तीच, अटेन्युएशन 40 डीबीच! मी मनातून खूश झालो. ती मात्र बोर्ड उलटा करून बघत बसली. ‘कॉइल बदलल्या आणि गळती बदलली नाही, म्हणजे कॉइलचा दोष नाही ना?’ तिन्ही कॉइलचे पाय आणि तिन्ही कपॅसिटर एकाच बारीक ग्राउंड ट्रॅकवर ओळीनं टेकले होते. तिनंही माझाच नकाशा वापरला होता. सामाईक तुकडा 15 मिलिमीटरचा. मिलिमीटरला साधारण एक नॅनोहेन्री, हा हिशेब मीच तिला शिकवलेला. 100 मेगाहर्ट्झला त्याचे नऊ ओहम होतात. तिथे कपॅसिटरची वाट कॉइलपेक्षा कितीतरी सोपी, तेव्हा पहिल्याचा प्रवाह या नऊ ओहमांतून जातो आणि तिथला व्होल्टेज दुसऱ्याच्या पायात चढतो. कॉइल एकमेकींशी वरून बोलत नव्हत्या, जमिनीखालून बोलत होत्या.

तिनं तो ट्रॅक खरवडला आणि प्रत्येक पाय स्वतंत्रपणे खालच्या तांब्याच्या पूर्ण थराला जोडला. अटेन्युएशन 68 डीबी. मग माझ्या जुन्या डब्यांच्या बोर्डावरही तेच केलं. तिथेही तेवढंच.

तो ट्रॅक मी तसा का काढला होता? एका ओळीत देखणा दिसत होता म्हणून. बोर्ड उलटा करून दाखवला की लोक ‘वा’ म्हणायचे. दोन महिने मी सगळीकडे शोधलं, फक्त ज्याला दाद मिळाली होती तिथे नाही.

बोर्ड आता तिच्या पद्धतीनं बनतो. नकाशाच्या कोपऱ्यात मात्र अजून माझीच आद्याक्षरं आहेत. ती बदलायची आहेत.