छेदांच्या क्रमातून उभे राहणारे खोड

वनस्पतींच्या अंतर्रचनेच्या अभ्यासात सूक्ष्मदर्शकाइतकीच अभ्यासकाची कल्पनाशक्तीही तयार असावी लागते. कारण छेद, म्हणजे अवयवाचा पारदर्शक होईल इतका पातळ काप, केवळ एक प्रतल दाखवतो आणि त्यावरून घन देहाची रचना पाहणाऱ्यालाच मनात उभी करावी लागते. ज्वारीच्या खोडाच्या आडव्या छेदात जाड भित्तीची लहानशी बहुकोनी आकृती दिसते, ती वस्तुतः दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली लांबट तंतुपेशी असते, हे उभा छेद घेतल्यावरच कळते.

यासाठी ऊतक, म्हणजे पेशींचा समूह, फॉर्मॅलिन, ॲसेटिक ॲसिड आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात स्थिर करतात, त्यातील पाणी टप्प्याटप्प्याने काढून तेथे पॅराफिन मेण भरतात आणि मायक्रोटोम या यंत्राच्या पात्याने सुमारे 10 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या, जाडीचे काप घेतात. कडांना चिकटत जाणाऱ्या या कापांची फीत बनते आणि त्यांचा मूळ क्रम टिकतो. पुढे सॅफ्रॅनिन लिग्निनयुक्त भित्तींना लाल, तर फास्ट ग्रीन सेल्युलोजच्या भित्तींना हिरवा रंग देते.

या क्रमाचे मोल मार्टिन झिमरमन आणि पी. बी. टॉमलिन्सन यांनी 1960च्या दशकात ऱ्हॅपिस एक्सेल्सा या ताडकुलातील वनस्पतीवर केलेल्या कामातून विशेष स्पष्ट होते. अशा खोडाच्या आडव्या छेदात वाहक वृंद, म्हणजे पाणी व अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊतकांचे जुडगे, विखुरलेले दिसतात. परंतु त्यांनी लागोपाठच्या छेदांची चित्रे चलच्चित्र-कॅमेऱ्याने क्रमाने टिपली, तेव्हा एकेका वृंदाचा मार्ग डोळ्यांनी अनुसरता आला. प्रत्येक वृंद वर चढताना हळूहळू मध्याकडे सरकतो, मग बाहेर वळून पानात शिरतो, आणि त्याआधी फुटलेली त्याची शाखा वरची वाट चालू ठेवते; त्यामुळे पान गळाले तरी खोडातील वहन खंडित होत नाही.

हाच क्रम अभ्यासकाला भ्रमापासूनही वाचवतो, कारण पात्यामुळे पडलेली चीर किंवा घडी बहुधा पुढच्या छेदांत त्याच जागी सापडत नाही, तर खरी रचना सलग पुढे जाते. म्हणून एखादा छेद कितीही देखणा उतरला, तरी शेजारच्या छेदांची साक्ष घेतल्याविना त्यावरून निष्कर्ष काढू नये, हीच या विद्येची पहिली शिस्त होय.